बेरिंगवरच्या पाच अक्षता

शिराळ्याकडच्या त्या साखर कारखान्यात टर्बाइन उघडायचं ते नाथाजीनं आणि मिटायचं तेही नाथाजीनंच, असा एकतीस वर्षांचा रिवाज. गडी सातवी शिकलेला. पण नवा इंजिनिअर आला की थ्रस्ट बेअरिंग त्याला नाथाजीच शिकवायचा.

"वाफ दांडा नुसता फिरवत न्हाई, पुढं ढकलती पन. त्या रेट्याला छाती लावून हुबं ऱ्हातंय ते ह्ये बेरिंग. दांड्याची चकती आन् तिच्यापुढं ह्ये आठ पॅड. पॅड जरा कलतंय, म्हनून तेल आत शिरतंय. केसापरास बारीक पापुद्रा, पन सगळा भार त्येच्यावर. त्यो तुटला का खेळ खलास."

खंडेनवमीला बाकीचे पाने-हातोडे पुजायचे. नाथाजी उघड्या बेअरिंगलाच पुजायचा. हळदकुंकू लावायचं, पाच अक्षता वाहायच्या, मग फडक्यानं पुसून पाचही वेचायच्या, झाकण मारायचं. यंदा पूजेला संचालक आले होते, फोटो काढायची घाई होती. नाथाजीनं वेचल्या त्या चारच. पाचवी खाली सांडली असेल, असं त्यानं मनाला बजावलं. चारचौघांत पॅड परत उचलले तर नाथाजीचा हात चळला म्हणतील ना! मेला तो तोरा.

गाळप सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी टर्बाइन किंचाळून बंद पडलं. झाकण नाथाजीनंच काढलं. एका पॅडचा पांढरा धातू मेणासारखा वितळून ओघळला होता. त्या पॅडच्या तेलाच्या भोकात, आडवा अडकलेला, काळा पडलेला तांदळाचा दाणा. बाकी कुणाला दिसला नाही. नाथाजीनं तो चिमटीत धरला, जुन्या चिंधीत गुंडाळला आणि गटारात टाकला.

"तेलावर कोण होतं?" चीफ इंजिनिअर साहेबांनी विचारलं.

तेलाच्या पंपावर शंभूराज होता. दाब बरोबर होता, असं तो चार दिवस गळा सुकेपर्यंत सांगत राहिला. नाथाजी खाली मान घालून नवे पॅड घासत राहिला. पाचव्या दिवशी शंभूराजला कामावरून काढलं.

तेव्हा मात्र नाथाजीला घास गिळेना. तो तडक चीफ साहेबांच्या केबिनमध्ये गेला आणि सगळं ओकून मोकळा झाला. साहेब ऐकत होते. मग उठून त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"नाथाजी, तुमचं मन फार मोठं आहे. पण दुसऱ्यासाठी स्वतःवर बालंट घेऊ नका. कुठं आहे तो दाणा?"

दाणा कुठला असायला! एकतीस वर्षं जपलेलं नाव आज त्याच्याच मुळावर आलं होतं. त्यानं देवाची शपथ घेतली, साहेबांनी चहा मागवला.

फाटकापाशी शंभूराज डबा घेऊन उभा होता. आतली बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. नाथाजी दिसताच त्यानं वाकून पाय धरले.

"आण्णा, माझ्यापायी तुमी खोटं बोलला. एवढं कोन करतंय? तुमचं काम चुकायचं न्हाई. माझंच ध्यान कुटंतरी गेलं आसंल."

"न्हाई रं, शंभू. खरं सांगतो, म्याच..."

"ऱ्हाऊ द्या आण्णा," शंभूराज डोळे पुसत म्हणाला, आणि सायकलवर टांग टाकून निघून गेला.