रोजचीच गोळी

समोर कोणी नसताना माझ्या लेकीला आवाज ऐकू यायचे. अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात ती घड्या घालायला होती, तिथंच हे सुरू झालं. आधी म्हणायची, मुकादम चहात काहीतरी घालतो. मग म्हणू लागली, आईच भाकरीत विष घालते. पोटच्या पोरीच्या तोंडून हे ऐकत मी बरीच वर्षं काढली.

पुढं एका डॉक्टरांनी रात्रीची गोळी दिली. त्या गोळीपायी वरचेवर रक्त तपासावं लागायचं, पण आवाज थांबले. गोळी मात्र ती सुखासुखी घेत नसे. मी माझी बीपीची गोळी आधी गिळायची, जीभ बाहेर काढून दाखवायची, मग ती तिची गिळायची.

"जीभ उचल की. खाली लपवलीस व्हय?"

"म्हातारीची जीभ बघून काय मिळतं गं तुला?"

ती हसायची. तेवढ्यासाठी जीभ काढायचा मला कधी कंटाळा आला नाही.

गेल्या थंडीत तिला ताप आला, खोकला लागला. एकही गोळी चुकवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून गोळी चालूच होती. दोन-तीन दिवसांत ती उठेनाशी झाली. लाळ गळायची, बोलणं जड झालं, हात मध्येच झटका बसल्यासारखा उडायचा. मला वाटलं, तापाची ग्लानी. शेजारच्या भाभीनं बघितलं आणि सरळ रिक्षाच आणली.

दवाखान्यात न्यूमोनिया निघाला. डॉक्टरीणबाई तरुण होती. तिनं विचारलं, "आजी, गोळी जास्त दिलीत का?"

"न्हाय. रोजची एकच."

"तीच अंगात साठलीय. लिव्हर रोज औषध मोडून बाहेर काढतं. जंतू शिरून अंगात सूज आली की ते काम मंदावतं. घराला आग लागल्यावर भांडी कोण घासत बसतं? तुमची चूक नाही, आजी. रोजच्याच गोळीचं विष झालं."

लेक डोळे मिटून पडली होती. ती झोपलीय असं आम्हा दोघींना वाटलं.

न्यूमोनिया बरा झाला. कमी केलेली गोळी हळूहळू वाढवायची असं ठरलं. घरी आल्यावर पहिल्याच रात्री मी पाणी घेऊन गेले. तिनं हात लावला नाही.

"डाक्टरीणबाई बोलली ते मी ऐकलंय."

"अगं, ते आजारपणामुळं झालं."

"मी किती वरसं सांगत हुते. तू म्हणायचीस, डोक्यात भरलंय तुझ्या."

ती खोटं बोलत असती तर भांडले असते.

मी माझी गोळी गिळली, जीभ दाखवली. तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. बरेच दिवस असंच चाललं आणि ती पुन्हा कुणाशीतरी बोलू लागली. शेवटी भाभी आली, तिच्यापुढं बसली.

"ए राणी, आ कर. न्हायतर ईदला शिरखुर्मा बंद."

आणि तिनं तोंड उघडलं.

तेव्हापासून गोळी भाभी देते. ताप-खोकला आला की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, हे मी भाभीला बजावून ठेवलंय. आवाज कमी झालेत. लेक भाभीकडंच जेवते. गोळीच्या वेळी मी दारात दिसले तर ती तोंड गच्च मिटून घेते. म्हणून मी आत ओट्यापाशी बसते, भाभी "झालं" म्हणेपर्यंत.