मालकांच्या थिएटरातले मुतखडे

दोन ऑपरेशन्सच्या मधल्या वेळात डॉक्टर लोक चहा पितात आणि तिथे नसलेल्या डॉक्टरांबद्दल बोलतात. माझ्याकडचे निम्मे किस्से त्या चहातले. उरलेले डोळ्यांदेखत घडलेले. सांगताना हसू येतं, पण ते तेवढ्यापुरतंच.

मी भूल देणारी डॉक्टर, राहायला ठाण्याच्या नौपाड्यात. ऐंशीचं दशक संपत आलेलं. आमचे सर मुतखड्याचे सर्जन. त्यांच्याबरोबर मी डोंबिवलीच्या एका नर्सिंग होममध्ये जायचे. तिथले मालकही सर्जनच. हात चांगला, पण घाई फार!

सरांचं एकच पालुपद : "खडा काय, निघतो. त्याच्यामागे दडलेले जंतू रक्तात जाऊ द्यायचे नाहीत, ते खरं ऑपरेशन." मालक मान डोलवायचे आणि आपलंच करायचे.

* * *

तेव्हा रबरी ग्लोव्हज एकदा वापरून फेकत नसत. धुवायचे, वाळवायचे, पावडर लावून पुन्हा निर्जंतुक करायचे. सगळीकडेच तसं. फक्त फाटका ग्लोव्ह बाजूला काढायचा, एवढी अक्कल गृहीत धरलेली.

एकदा सरांनी ग्लोव्ह चढवला आणि बोट बाहेर!

"सिस्टर, हा फाटलाय."

शैला सिस्टर गुपचूप मालकांकडे बघायला लागल्या. मालक म्हणाले, "अहो, करंगळीच आहे ना? करंगळीला ऑपरेशनमध्ये काम काय असतं?"

* * *

डोंबिवलीची लाइट म्हणजे पाहुणी. ऑपरेशनचं सामान निर्जंतुक करायला वाफेच्या ऑटोक्लेव्हमध्ये ठेवलेलं आणि मध्येच लाइट गेली. सर म्हणाले, "आली की पहिल्यापासून लावा."

मालक घड्याळ बघत होते. "कशाला? बराच वेळ होतं की आत. भात असता तर झाला असता!"

"मग भात समजून तुम्ही खा," सर म्हणाले. "ऑपरेशन उद्या."

* * *

कोलशेतच्या कारखान्यातला एक फिटर आलेला. कळा येऊन अर्धमेला झालेला. सरांनी लघवी कल्चरला पाठवली. म्हणजे लॅबमध्ये ठेवून त्यात जंतू वाढतात का ते बघायचं. वाढले तर आधी औषध, मग ऑपरेशन. यात दिवस जातात.

फिटर वैतागला. "साहेब, मला खडा काढायचाय. शेती नाय करायची!"

मालक टाळी देत हसले. "बघा, पेशंटलापण कळतं!"

रिपोर्ट आला, जंतूंनी भरलेला. सरांनी औषध देऊन लघवी साफ केली, मगच त्याला टेबलावर घेतलं. ताप नाही, थंडी नाही, जखम कोरडी.

घरी जाताना त्याने मालकांना पेढे दिले. सरांकडे बघून बायकोला म्हणाला, "हेच ते. यांच्यामुळेच एवढं रखडलं."

सर मला म्हणाले, "ज्याला ताप आलाच नाही, तो कशाला आभार मानेल?"

* * *

नव्वद साल उलटल्यावर मालकांनी थिएटर नवं केलं. सरांच्या आग्रहावरून आदल्या दिवशी सगळी खोली बंद करून औषधाच्या धुराने निर्जंतुक केली. दुसऱ्या दिवशी उद्घाटन! आत सत्यनारायण, नारळ फुटला, उदबत्त्या, पाहुणे बुटांसकट आत. कुणाचं तरी बाळ ऑपरेशनच्या टेबलावर बसवून फोटोपण काढला.

सर म्हणाले, "पुन्हा धूर द्या."

मालकांना खरंच वाईट वाटलं. "अहो, पूजा झालीये! आता कसले जंतू?"

* * *

ठाण्याच्या खाडीकाठची एक कोळीण होती, हिराबाई. मुतखडा, वर ताप. सरांनी मालकांना बजावलेलं, "ताप उतरेपर्यंत हात लावू नका." आणि सर भाचीच्या लग्नाला गावी गेले.

मालकांनी दुसरा भूलतज्ज्ञ बोलावला आणि ऑपरेशन उरकलं. खडा अख्खा निघाला. बाटलीत घालून तिच्या नवऱ्याला दाखवलापण.

संध्याकाळी हिराबाई थडथडायला लागली. बीपी लागेना. तिला ठाण्याला, मोठ्या हॉस्पिटलात आणलं. सर गावाहून तसेच धावत आले. आम्ही हातात होतं ते सगळं केलं. नाही वाचली.

मालक भेटायला आले. पॅसेजमध्ये तिचा नवरा भिंतीला टेकून उकिडवा बसलेला. मालकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, तुमचा धंदाच असा. खाडीचं घाण पाणी. इन्फेक्शन तिथूनच आलं असणार."

म्हाताऱ्याने खांद्यावरचा हात हळूच काढून खाली ठेवला.

"डाक्टर, ती जलमभर त्या खाडीत कमरंएवढ्या पान्यात उभी र्‍हायली. तुमच्या टेबलावर तासभर निजली."