लेखाखालच्या नावाची ओळ

दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला नाशिकच्या अशोकस्तंभाजवळच्या त्या माडीवर वेळ थांबायचा. पंखा फिरायचा, खालून एखादी रिक्षा फटफटत जायची, आणि मी न् माझी मैत्रीण शेजारी शेजारी बसून लग्नपत्रिकांची अक्षरं जुळवायचो. नव्वदीतली गोष्ट. छापखान्याच्या मालकानं जुने शिशाचे खिळे मोडीत काढून नुकतेच दोन कॉम्प्युटर आणले होते. पडद्यावरची अक्षरं बघता बघता माझे डोळे जड व्हायचे, ओळी हळूहळू हलायला लागायच्या, आणि मग तिचं कोपर बसायचं बरगडीत. "उठा महाराणी, नवरदेवाचं आडनाव राहिलंय," ती म्हणायची.

तिची स्वतःची पत्रिकाही तिनंच जुळवली. स्वतःचं नाव मोठं केलं, लहान केलं, लांबून पाहिलं आणि शेवटी नवऱ्याच्या नावापेक्षा अर्धा पॉइंट मोठं ठेवलं. दोन्ही घरच्यांनी पत्रिका निरखून पाहिली, कुणाच्या लक्षात आलं नाही. आम्ही मात्र लग्नापर्यंत त्यावर हसत होतो.

लग्न होऊन ती देवळ्याला गेली, कांद्याच्या व्यापाऱ्याच्या घरात. मी पाठराखीण म्हणून सोबत होते. तांदळाच्या ताटात नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव काढलं. सगळ्यांनी ते वाचलं, पेढे वाटले, आणि लगेच त्या नावानं तिला हाका सुरू झाल्या. अहो, दुकानाची पाटीसुद्धा माणूस दोन दिवस विचार करून बदलतो! मला राग आला होता, आणि मी तो जपून ठेवला. मी तिला जुन्याच नावानं हाक मारत राहिले. तिच्या घरी फोन केला तरी तेच नाव घेऊन तिला बोलवायला सांगायचे. तिची सासू "कोण?" विचारायची आणि मी मुद्दाम परत तेच सांगायचे.

वर्षं गेली. घराघरात नेट आलं. आम्हा नाशिकच्या पाच-सहा डीटीपीवाल्यांना हुक्की आली, की अक्षरजुळणीवर नेटवर एक मासिक काढायचं. लेख कसा यावा, पडद्यावर कसा मांडावा, याचे नियम करायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण खुसपटं काढण्यात माझा हात कुणी धरत नाही. मी पहिला फोन तिला केला.

तिच्या नवऱ्यानं, कांदा निवडून भरतात त्या खळ्यावरच्या ऑफिसात कॉम्प्युटर घेतला होता. लिलाव आटोपले, माल भरून झाला, की दुपारी तिथं शुकशुकाट व्हायचा. मग ती तिथून फोन करायची आणि मी इथं माझ्या खोलीत पाय वर घेऊन बसायचे. फोनमधून लांबवर ट्रॅक्टर ऐकू यायचा. मला वाटायचं, ती माझ्या शेजारच्याच खुर्चीत आहे, फक्त मधे कांद्याचा ढीग पडलाय.

वर्षभर आम्ही त्या नियमांत पोहत होतो. दोन परिच्छेदांमधे कोरी ओळ सोडायची का? मी म्हणायचे, नको, छापील पुस्तकासारखं आत सरकवून सुरू करू. ती म्हणायची, "पडद्यावर डोळा दमतो गं. वाचणाऱ्याला टेकायला ओटा नको?" तिचा ओटा राहिला. ठळक अक्षर फक्त मथळ्याला, हे माझं. ओळींमधलं अंतर इतकं, की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीवर आपटू नये, हे दोघींचं. आणि लेखाचं चित्र करून चिकटवायचं नाही, अक्षरं अक्षरंच राहिली पाहिजेत, यावर ती अडून बसली. एकदा आकडे मराठी की इंग्रजी यावरून आम्ही इतक्या भांडलो, की तीच शेवटी म्हणाली, "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. अजून एक लेख आलेला नाही आपल्याकडे."

शेवटचा नियम नावाचा होता. लेखाखाली लिहिणाऱ्याचं नाव असतंच, पण जुळवणाऱ्याचं कधी कुणी छापलंय का? आमच्या मासिकात ते जाणार होतं, त्याच आकारात. पण कसं? वडलांचं नाव घालून, नवऱ्याचं घालून, की सौ. लावून? मी कुणालाही न विचारता लिहून टाकलं: नाव ज्याचं त्यानं सांगितलं तसंच जाईल, संपादकानं त्यात काना-मात्रेचाही फरक करायचा नाही. नियम सगळ्यांसाठी होता, पण मी तो तिच्यासाठी केला होता. या एका ओळीतून ती माडीवरची मुलगी मला परत हवी होती.

पहिला अंक ठरला. पहिला लेख म्हणजे आमचे नियमच, खाली आम्हा दोघींची नावं. तिचं जुनं नाव मी आधीच जुळवून ठेवलं होतं. दुपारभर त्याच्याकडे बघत बसले. किती छान दिसत होतं ते! मग तिचा ई-मेल आला. त्यात ताटातलं नाव होतं, पुढे नवऱ्याचं, पुढे सासरचं आडनाव.

मी फोन लावला. "घाईत पाठवलंस का?"

"नाही. बरं शे ते." आताशा ती मधूनच तिकडची अहिराणी बोलायला लागली होती, तिच्या लक्षातही येत नसे.

"मला वाटलं होतं..."

"तुला काय वाटलं होतं ते मला माहितीये," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "ती पोरगी पत्रिका जुळवायची. गोड होती. पण हे नियम तिनं नाही केले गं. सासूची बोलणी खाऊन, दुपारची झोप सोडून, खळ्यावर धुळीत बसून मी केलेत. मग माझंच नाव नको का?"

मी कर्सर पडद्यावरच्या जुन्या नावापाशी नेला.

"इतक्या वर्षांत तू एकदाही मला माझ्या या नावानं हाक मारली नाहीस. फोन ठेवला, की वाटायचं, ही बोलली त्या दुसरीशीच. मी नुसती निरोप पोचवणारी."

मी जुनं नाव पुसलं आणि तिनं पाठवलेलं एकेक अक्षर करून भरलं. नियम माझाच होता, काना-मात्रा बदलायची सोय नव्हती. फोन कानाशीच होता. मग मी तिला त्या नावानं हाक मारली.

"ओ," ती म्हणाली, आणि मला रडू फुटलं.