वाळवंटाची गाडी

"मिस्तरी, पेशंट आणलाय!"

ही हाक आली की औंढ्यातल्या माझ्या वेल्डिंगच्या दुकानात बसलेली माणसं आधीच हसायला लागायची. हाक मारणारे आमच्या जनावरांच्या दवाखान्याचे डॉक्टर असायचे, आणि पेशंट म्हणजे त्यांच्या मोटारीचा एखादा तुटका भाग. कधी दाराची बिजागरी, कधी सायलेन्सर. तो भाग दोन्ही हातांवर आडवा धरून ते आणत, नुकतंच जन्मलेलं करडू धरावं तसा. टेबलावर अलगद ठेवत आणि मला म्हणत, "सावकाश बरं का. घाबरलेला हाय."

मोटार त्यांना म्हशीमुळे मिळाली. हट्ट्याच्या एका मोठ्या शेतकऱ्याची म्हैस अडली होती. डॉक्टरांनी ती सोडवली, रेडकू जिवंत निघालं. हात धुता धुता त्यांना गोठ्याच्या कोपऱ्यात कडब्याखालून एक गोल काच चमकताना दिसली. कडबा बाजूला केला तर खाली छोटी विलायती मोटार. दोन दारांची, गोल पाठीची. शेतकऱ्याच्या वडिलांनी निजामाच्या काळात हैदराबादच्या कुण्या साहेबाकडून आणलेली. आता तिच्या गादीवर कोंबड्या अंडी घालत होत्या. डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिले, तेव्हा शेतकरी म्हणाला, "घेऊन जा डॉक्टर. कोंबड्यांची दुसरी सोय करू."

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून ती औंढ्यात आली. गावाने दुसऱ्याच दिवशी तिचं नाव 'डबी' ठेवलं. तेव्हा आम्ही परभणी जिल्ह्यात होतो. हिंगोली जिल्हा व्हायचा होता.

मला वाटलं, चालती करतील आणि बाईंना घेऊन हिंगोलीला बाजाराला जातील. बाई म्हणजे त्यांची बायको, शाळेत शिक्षिका. पण डॉक्टरांच्या मनात वेगळंच होतं. शिकत असताना ते शेळ्या-उंटांच्या आजारांच्या प्रशिक्षणासाठी राजस्थानात गेले होते. तिथं एका दुपारी वाळूतून जुन्या छोट्या मोटारींची रांग गेली. लांब पल्ल्याची रॅली. शर्यतच म्हणा, पण पहिलं येण्याची नाही, पोचण्याची. एक गाडी पाण्यासाठी थांबली आणि चालवणाऱ्या म्हाताऱ्याने यांना शेजारी बसवून थोडं पुढे नेलं.

"मिस्तरी, तोंडात वाळू, डोळ्यांत वाळू," डॉक्टर सांगत. "अन् म्होरं रस्ताच न्हाई. ज्या बाजूला चाक वळवाल तो रस्ता. मी आपल्या इकडच्या गोरेगावचा माणूस, बांधाबांधानं चालणारा. मला तर येडच लागलं."

ती रॅली अजून होते, दिवसा गाड्या चालतात आणि सांजेला मुक्काम पडतो, एवढं त्यांनी चौकशी करून काढलं होतं. आणि डबी त्या रॅलीला न्यायचं ठरवलं होतं.

तुम्ही कधी लहान गाडी मोठ्या प्रवासासाठी तयार होताना पाहिली आहे का? मी पाहिली नव्हती. मी ट्रॉल्या, दारं, नांगर जोडणारा माणूस. पण डॉक्टर जनावराच्या भाषेत सांगायचे आणि मला बरोबर कळायचं. "पोट लई खाली हाय, खडक लागंल." मग मागच्या कमानीच्या पाट्यांत जीपचा एक पाटा घालून आम्ही तिला उचलली आणि इंजिनाखाली ट्रॉलीचा जाड पत्रा ठोकला. "धुळीनं श्वासाची तकलीफ होईल." मग भंगारातल्या ट्रॅक्टरचं तेलातून हवा गाळणारं भांडं आणून बसवलं. ते एवढं मोठं होतं की बॉनेटला भोक पाडावं लागलं. "लांब जायचं, चारा जास्त लागंल." मागची गादी काढून तिथं दुसरी टाकी बसवली. सायलेन्सरचं तोंड वाळूत बुडू नये म्हणून छपराच्या उंचीला नेलं. त्यामुळे डबी अशी दिसायला लागली की बैल बुजायचे.

हे सगळं दवाखाना सुटल्यावर आणि रविवारी. पण जनावरं काही वार बघून आजारी पडत नाहीत. शेतकरी दवाखान्यात विचारून सरळ दुकानात यायचे. एकदा एकाने बैल आणला. डॉक्टर गाडीखाली आडवे, फक्त पाय बाहेर.

"डॉक्टर, खाईना झालाय."

"रवंथ करतो का?" खालून आवाज.

"न्हाई."

"फुगलाय का डाव्या बाजूनं?"

"व्हय."

डॉक्टर सरपटत बाहेर आले, तोंड काळं, हातात पाना. बैल त्यांना बघून दोन पावलं मागे सरला. "आता याला सांगा कुणीतरी, डॉक्टर मीच हाय म्हणून," ते म्हणाले. मग हात घासून घासून धुतले आणि माझ्या दुकानापुढेच बैलाला औषध पाजलं.

दिव्यांचं मात्र मला कळत नव्हतं. मुळातले दोन दिवे ठीक चालत होते. त्यांनी खाली ट्रॅक्टरचे दोन लावायला सांगितले. लावले. पंधरवड्याने छपरावर फोकस हवा म्हणाले. तोही लावला. मग आणखी एक, रस्त्याच्या कडेला उजेड पाडणारा. बिचाऱ्या डायनामोला एवढं पेलवेना. मी म्हणालो, "डॉक्टर, रॅली तर दिवसाची हाय. काहून इतके दिवे?"

"असू द्या. लावा तुमी."

एका संध्याकाळी, दिवेलागणीला, ते मला शेजारी बसवून हिंगोली रस्त्याला निघाले. सगळे दिवे लावलेले. रस्ता लग्नाच्या मांडवासारखा उजळला होता. समोर एक बैलगाडी चालली होती, वर ऊस. मला ती दुरूनच दिसत होती. डॉक्टर आपल्याच नादात बोलत होते. गाडी जवळ आली, आणखी जवळ आली, तरी त्यांचा पाय ब्रेककडे जाईना. मी ओरडलो आणि हातब्रेक ओढला. डबी आडवी होऊन थांबली.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टर, बैलगाडी हाय म्होरं!"

"कुठं?"

उसाचे शेंडे बॉनेटपासून हातभर अंतरावर हलत होते. ते स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिले. मग हळू म्हणाले, "आमच्या घराण्यातच हाय हे. माझे वडील सांज झाली की ओट्यावरून हलत नव्हते. आमाला वाटायचं, आळशी हायेत."

परत येताना गाडी मी चालवली.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले. खाली पाइपाचा एक तुकडा पडला होता, तो उचलून त्यांनी माझ्या डोळ्याला लावला. "दुसरा डोळा मिटा. आता बघा तुमचं दुकान." मला ग्राइंडरचं चाक दिसलं आणि त्यामागचा भिंतीचा वीतभर तुकडा. बाकी काळं. "मला दिवसा असं दिसतं," ते म्हणाले. "समोरचं साफ दिसतं. कडेचं गेलं. अन् पाइप बारीक बारीक होऊन राहिला." औरंगाबादच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासलं होतं. औषध नव्हतं, ऑपरेशन नव्हतं. "मी बी असंच सांगतो की शेतकऱ्याला. इलाज न्हाई म्हणून. सांगायला सोपं असतं."

त्याच आठवड्यात बाई दुकानात आल्या. कधी न येणाऱ्या. उभ्या राहूनच बोलल्या. "भाऊ, तुम्ही ही गाडी पुरी करू नका. रोज काहीतरी काम काढा. त्यांना हौस राहील आणि गाडी इथंच राहील." त्यांचा आवाज वर्गात असतो तसा स्पष्ट होता, पण हात पदराचं टोक पिळत होते. "मी त्यांना नाही म्हणू शकत नाही. मला ते जमणारच नाही."

मी हो म्हणालो. आणि खरंच काम लांबवलं. जोडलेलं उसवायचं, नीट बसलेलं सैल करायचं. डॉक्टर काही दिवस बघत राहिले. मग एका रविवारी माझ्या शेजारी उकिडवे बसले.

"बाई आल्या होत्या ना?"

मी मान खाली घातली.

"त्यांचं चूक न्हाई. तुमचं बी न्हाई. पण मिस्तरी, तुमी थांबलात म्हणून माझे डोळे थांबणार हायेत का? या हिवाळ्यात रॅली हाय. पुढच्या हिवाळ्यात मला बैल अन् भिंत एकच दिसंल. एकदा जाऊन येतो. फक्त एकदा."

आता तुम्हीच सांगा, मी कुणाचं ऐकायला हवं होतं? माझ्याकडे फक्त वेल्डिंगचा संच होता. मी गाडी पुरी केली.

ज्या दिवशी ती पुरी झाली, त्या दिवशी बाईंनी डॅशबोर्डवर बुद्धाची छोटीशी मूर्ती चिकटवली आणि शाळेला निघून गेल्या. डॉक्टर म्हणाले, पहिली फेरी हट्ट्याला. ज्या गोठ्यातून ती आली तिथं नेऊन दाखवायची. भर सकाळचं स्वच्छ ऊन होतं. मी शेजारी बसलो. कडेचं मी बघायचं आणि समोरचं त्यांनी, असं आमचं ठरलं होतं. आणि खरं सांगतो, त्यांच्यासारखी गाडी मी कुणाला चालवताना पाहिलं नाही. खड्डा आला की ते स्वतःच आधी उचलले जायचे. जवळा बाजार मागे पडला. ते हसत होते. "श्वास बघा, श्वास! एकदम मोकळा," ते म्हणत होते.

हट्टा अगदी जवळ आला असताना डावीकडच्या तुरीतून एक वासरू रस्त्यावर आलं. मी "डॉक्टर!" म्हणेपर्यंत आवाज झाला.

गाडी थांबताच ते उतरले. वासरू कडेला पडलं होतं, मागचे दोन्ही पाय वेडेवाकडे. डॉक्टर गुडघ्यांवर बसले. त्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, हात पोटावरून, बरगड्यांवरून फिरवला. त्या हाताला सगळं कळत होतं. कळायला नको तेही.

तुरीतून एक म्हातारी धावत आली. तिचंच वासरू. रस्त्यावर बसलेला माणूस कोण आहे ते तिने ओळखलं आणि हात जोडले.

"देवासारखे आलात बापा. तुमी हाव म्हणून बरं झालं. वाचवा माह्या लेकराला."

"मावशी," डॉक्टर म्हणाले, "मीच धडक दिली."

"न्हाई न्हाई. तुमी कशाला द्याल धडक? तुमी तर वाचवता."

"मावशी, मला दिसलं न्हाई ते."

"मेला कुणी गाडीवाला गेला आसंल पळून," ती म्हणत राहिली. तिच्या मागच्या बाजूला डबी उभी होती, पुढचा पत्रा आत गेलेली. तिने वळून बघितलंसुद्धा नाही. डॉक्टरांनी आणखी एकदा सांगितलं. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि उलट त्यांचीच समजूत काढली. त्यानंतर त्यांनी सांगणं सोडलं. गाडीतली औषधांची बॅग आणून उघडली आणि दुखणं कमी होण्याचं इंजेक्शन दिलं. वासराचा श्वास थांबेपर्यंत ते तिथून उठले नाहीत. म्हातारी पदराने वारा घालत होती. मी रस्त्यात उभा होतो, आणि माझ्या हाताला करायला काहीच नव्हतं.

पुढे त्यांनी आपल्या घरची कालवड तिच्या दावणीला नेऊन बांधली. पण गाडीच्या चाकामागे ते पुन्हा बसले नाहीत.

मी म्हणालो, "डॉक्टर, मी चालवतो. तुमी शेजारी बसा. जाऊ आपण वाळवंटात."

"शेजारच्यानं नकाशा वाचायचा असतो, मिस्तरी. वाट सांगायची असते." ते हसले. "माझ्याकडून चाक बी होईना अन् नकाशा बी होईना. मग मी तिथं सामान म्हणूनच येणार की."

मी आग्रह केला. बाईंनीही केला, ज्यांनी गाडी रोखायला सांगितलं होतं त्यांनीच. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली, बस्स.

नंतर त्यांनी नोकरी सोडली. काही वर्षांनी दोघं मुलीकडे अकोल्याला राहायला गेली, आणि तिकडेच ते वारल्याचं मला बसस्टँडवर कुणीतरी सांगितलं. तोवर त्यांना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळत होता म्हणे.

गाडी गेली त्या दिवसाचं सांगतो आणि थांबतो.

रॅलीला जाणारी पुण्याची दोन तरुण माणसं ती न्यायला आली होती. डॉक्टरांनीच कळवून बोलावलं होतं. त्यांनी बॉनेटवर हात ठेवून त्यांना एक एक गोष्ट समजावली. इथं तेल बघा, हा पाटा करकरला तर घाबरू नका, उतारावर तिला ओढू नका. त्यातल्या एकाने सहज विचारलं, "काका, तुम्ही किती लांबवर चालवली?"

"हट्ट्यापर्यंत," ते म्हणाले.

त्यांना हट्टा कुठं आहे ते माहीत नव्हतं. त्यांनी मान डोलावली.

गाडी सुरू झाली. डॉक्टर दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. गाडी वळली आणि त्यांच्या नजरेच्या बारीक वाटेतून निसटली. ती शोधायला ते मान इकडे तिकडे फिरवत राहिले, पण भलतीकडेच. धुरळा बसत चालला होता.

"मिस्तरी, दिसते का?"

"दिसते की."

"कुठवर गेली?"

गाडी एव्हाना वळणाआड गेली होती. रस्त्यावर काहीच नव्हतं.

"पुलावर हाय," मी म्हणालो.

"कशी चाललीय?"

"झ्याक. आता पूल उतरली. आता त्या बाभळींपाशी हाय."

"अन् आता?"

ते ऐकत होते, चेहरा उन्हाकडे वर करून. माझ्यामागे बाई केव्हा येऊन उभ्या राहिल्या होत्या कुणास ठाऊक. त्यांनी मला थांबवलं नाही. मी रिकाम्या रस्त्याकडे बघत गाडी पुढे पुढे नेत राहिलो.