भिंतीवरची फवारणी

जावयाच्या चुकीचं खापर थेट आभाळाच्या माथी फोडणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात एकच होता, आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. चाळीस वर्षं दिंडोरीला द्राक्षबाग केल्यावर मामांच्या कमरेनं संप पुकारला. डॉक्टरांनी पाठीवर फवारणीचा पंप घ्यायला बंदी केली. मुलानं बाग स्वतःकडे घेतली आणि मामा-मामींना नाशकात, गंगापूर रोडवर, आमच्या बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये आणून ठेवलं. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. पहाटेपासून बागेत राबलेल्या माणसानं फ्लॅटमध्ये करायचं काय? महिनाभर मामा गॅलरीत उभं राहून समोरच्यांची जास्वंद कशी छाटायला हवी, ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. मामी काळजीनं मला म्हणाल्या, "जावईबापू, काम नाय मिळालं तर हा माणूस जागच्या जागी वाळून जाईल."

काम मी पुरवलं. आमच्या बाथरूममधून पाणी झिरपायला लागलं आणि श्रावणापर्यंत मामांच्या हॉलची भिंत फुगून तिच्यावर बुरशी धरली. मी ओशाळून खाली गेलो, आजच प्लंबर आणतो म्हणालो. मामांनी दोन्ही हात जोडले. "छे छे! तुमच्या बाथरूमचा काय संबंध? ढगाळ हवामान हाय." जावयाला बोल लावण्यापेक्षा त्यांनी भिंतीला आजारी ठरवलं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी रोगही ओळखले. "ही पांढरी, ती भुरी. हे काळे ठिपके, हा करपा. आन् ही खालची डावणी, लय वंगाळ जात!" द्राक्षावर पडणारे सगळे रोग एकाच भिंतीवर बघून त्यांचा चेहरा असा उजळला, की प्लंबरचं नाव मी पुन्हा काढलंच नाही. अर्थात, माझा आळसही त्यात होताच.

दुसऱ्याच दिवशी एसटीच्या टपावरून पंप आला. पाठीवर बंदी, म्हणून तो स्टुलावर बसला. मामांनी एका बादलीत मोरचूद, दुसरीत चुना कालवून बुरशीवर मारायचं मिश्रण केलं आणि मामींची भाजीची सुरी त्यात बुडवून बघितली. सुरी तांबूस झाली, म्हणजे चुना कमी! सुरी परत पांढरी निघेपर्यंत मामींना कांदा चिरता आला नाही. दर आठ दिवसांनी फवारणी होई. भिंत मोरपंखी झाली, सोफा झाला, एकदा मामीही झाल्या. सकाळी मी आंघोळीला बसलो की खालून आनंदाची हाक ऐकू येई, "दव पडलं गं!" सोसायटीचे सेक्रेटरी माझ्याविरुद्ध अर्ज लिहून आणून सहीसाठी मामांकडे गेले, तेव्हा मामांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. "जावयाच्या घरचं पाणी म्हंजे गंगा. गंगेवर कोनी अर्ज करतं का?"

अशी दोन वर्षं गेली. शेवटी मामी गुपचूप वर आल्या आणि बुरशी आलेला आपला लग्नातला शालू माझ्यापुढे ठेवून त्यांनी पदर डोळ्यांना लावला. आता मात्र मला लाज वाटली. मामा दाढीला गेले असताना मी प्लंबर आणला. फरशी उचलून, फुटका पाइप बदलून तो दोन तासांत मोकळा झाला. दिवाळीपर्यंत भिंत ठणठणीत कोरडी. मामींनी बिल्डिंगभर साखर वाटली.

शाबासकी घ्यावी म्हणून मी खाली गेलो. मामा स्टुलावर बसले होते, पंप जमिनीवर. ते भिंतीवरून हात फिरवत होते, हात कोराच्या कोरा निघत होता. मला त्यांनी बसा म्हटलं नाही, जावयाला, पहिल्यांदाच.

"जावईबापू, एक बोलू का? राग नका मानू."

"बोला ना मामा."

"एवढी काय घाई होती?"

त्यांनी माझ्याबद्दल कधी केलेली ही एकमेव तक्रार. मला एकदम त्यांची माया आली. मी त्यांच्याशेजारी जमिनीवरच बसलो आणि म्हणालो, "चुकलं, मामा." आणि खरंच चुकलं होतं.