पापडखाराचं पत्रक

ज्यांचं तोंडही तुम्ही पाहिलेलं नाही अशा माणसांच्या भरवशावर, रोज दिसणाऱ्या एखाद्या माणसाचं नुकसान तुम्ही कधी केलंय का? उत्तराची घाई करू नका. मला कुणी विचारलं असतं तर मी छाती पुढे काढून ‘नाही’ म्हणाले असते. आणि तेव्हा माझ्या खांद्यावरच्या पिशवीत दीडशे पत्रकं होती.

पत्रकांवरच मी वाढले. बाबा मूळचे सांगलीकडचे. बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात त्यांनी उमेदीची वर्षं घालवली आणि उरलेला सगळा वेळ युनियनला दिला. आमच्या क्वार्टरमध्ये देवघरापेक्षा पत्रकं छापायच्या सायक्लोस्टाइल यंत्राचा कोपरा मोठा होता. ‘निलंबन’ आणि ‘जाहीर निषेध’ हे शब्द मी शाळेत जायच्या आधी वाचू लागले. बोटांना शाई नसली की मला सुट्टी असल्यासारखं वाटायचं.

बाबांचा एक नियम होता. पत्रकाखाली ज्याचं नाव, त्यानं ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलेलं असलं पाहिजे. वाचता येत नसेल तर त्याला वाचून दाखवायचं, आणि तो ‘हो’ म्हणाला तरच नाव घालायचं. सायकलच्या कॅरियरवर बसून मी त्यांच्याबरोबर सह्या गोळा करत हिंडले आहे. एकदा एक वेल्डर म्हणाला, “घाला हो साहेब माझं नाव. तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार.” बाबांनी त्याचं नाव घातलं नाही. “माझ्याकडे बघून सही नको,” ते म्हणाले, “कागदाकडे बघून कर.”

त्यामुळे मजकुराला लागून नावांची यादी असली, की ती माणसं त्या मजकुरामागे उभी आहेत, हे माझ्या हाडात मुरलं होतं. माझी चूक तिथूनच झाली.

बाबा निवृत्त झाल्यावर आम्ही बसवनगुडीत एका घराच्या माडीवर भाड्यानं राहायला आलो. खाली घरमालकीण अक्का. तिच्या घराण्याला बंगळुरात किती पिढ्या झाल्या हे तिलाही सांगता यायचं नाही. घरात मराठी बोलायची, पण शाळा चौथीपर्यंत आणि तीही कन्नड, त्यामुळे देवनागरी अक्षर तिला वाचता येत नसे. नवरा गेल्यावर तिनं उडदाचे पापड करायला घेतले होते. शेजारच्या दोन बायका लाटायला यायच्या. वाळवण आमच्या डोक्यावरच्या गच्चीत, म्हणजे पापडांचं सूप घेऊन अक्का दिवसातून चारदा आमच्या दारावरून जायची. काही पापड गांधी बाजारातल्या दुकानांत जात. पण वर्षाचं निम्मं काम यायचं आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातून. महाराष्ट्रातून नोकरीसाठी आलेल्या घरांना गावाकडच्या चवीचे पापड हवे असत. मेळाव्यात ते अक्काकडे नाव नोंदवत आणि वर्षभर नेत.

शतक संपायला दोन-तीन वर्षं उरली होती. आमच्या रस्त्यावरच्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या मालकानं टाइपरायटर विकले, प्लायवूडचे आडोसे घातले आणि चार कॉम्प्युटर लावून सायबर कॅफे काढला. मी तिथं ई-मेलचं खातं उघडलं. मला वाटलं, आता सायक्लोस्टाइलची गरज संपली, आता कारखान्याच्या नव्हे, सगळ्या जगाच्या गेटवर पत्रकं घेऊन एकटीनं उभं राहता येईल. रोज जायचे. एक दिवस गेले नाही तर चैन पडायची नाही.

तिसऱ्या आठवड्यात अमेरिकेतल्या मामेभावाकडून एक पत्र आलं. इंग्रजीत. पापडात जो खार घालतात, त्याच रसायनानं तिकडे गॅरेजच्या फरशीवरचं तेल घासून काढतात. त्यानं आतडं झिजतं, कॅन्सर होतो. कंपन्या आणि सरकारं हे दडवून ठेवतात. ज्यांच्यावर तुमचं प्रेम आहे त्या सगळ्यांना सांगा. आणि मजकुराच्या वर नावं. पन्नासहून जास्त. काहींच्या शेवटी विद्यापीठांची नावं, दोघांच्या पुढे डॉक्टर.

दडवून ठेवतात! पन्नास माणसं सह्या करून सांगताहेत आणि इथं कुणाला पत्ता नाही! मालकाला सांगून मी प्रिंट काढली. भोकाभोकांच्या कडा असलेला तो कागद मी घडी न घालता घरी नेला.

त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. ‘आपल्या ताटातलं विष’ असा मथळा. ‘अमेरिकेतल्या पन्नासहून अधिक शास्त्रज्ञांच्या सह्यांनिशी’ असं ठळक अक्षरात. शेवटी ‘ही माहिती प्रत्येक मराठी घरात पोचवा’. अक्काचं नाव त्यात नव्हतं. कुणाचंच नव्हतं. माणसाविरुद्ध नाही, वस्तूविरुद्ध लिहितेय, म्हणजे कुणाला विचारायची गरज नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर सांगितलंही नाही. तो विचारच आला नाही.

मंडळाच्या सेक्रेटरीकाकांना दाखवलं.

“नीट बघितलंयस ना?” त्यांनी विचारलं.

“काका, पन्नास जणांच्या सह्या आहेत.”

“मग ठीक आहे. खाली मंडळाचं नाव घाल.”

या वेळी स्टेन्सिल नव्हतं. डीटीपी सेंटरवर कॉम्प्युटरवर अक्षरं जुळवली, लेझर प्रिंट काढली आणि झेरॉक्स मारल्या. इतकं काळंभोर, सरळ रेषेतलं पत्रक मी आयुष्यात काढलं नव्हतं. मेळाव्याच्या आधीच्या रविवारी मंडळाच्या कार्यक्रमात दारात उभी राहून वाटलं. लोक उभ्याउभ्या वाचत होते. मला आठवतंय, मी आनंदात होते.

पुढच्या आठवड्यात अक्का दारावरून गेली नाही. मग एका दुपारी वर आली. हातांना उडदाचं पीठ नव्हतं. हातात माझं पत्रक होतं.

“पोरी, हे स्वल्प वाचून सांग की गं. तुमच्या मंडळातल्या बायका हेच दाखवून ‘यंदा पापड नको’ म्हनाल्या. सात घरं झाली. विचारलं तर म्हनतात, अक्का, तुमचं काय न्हाई हो, हे छापून आलंय. काय छापलंय एवढं?”

मी वाचायला लागले. पहिल्या ओळीला आवाज खणखणीत होता. ‘आतडं झिजतं’ या शब्दांपर्यंत तो उतरला. अक्का मान तिरकी करून ऐकत होती, पुराण ऐकतात तशी.

“झालं?”

“झालं.”

“म्हंजे तिकडं त्यानं फरशी धुतात, म्हनून खायाचा न्हाई?”

“असं लिहिलंय.”

“फरशी मी पाण्यानं धुती. आता पाणी बी सोडायचं का गं?” आणि ती स्वतःच हसली. “हे लिवणाऱ्यानं कधी पापड लाटलाय का? खार चिमूटभर जास्ती पडला तर पापड तळताना तांबडा होतो, कडू लागतो. घेनारा तोंडावर फेकंल. जास्ती घालून मला भागतंय होय?”

मी कागदाकडे बघत म्हणाले, “अक्का, हे मी लिहिलंय.”

ती हसायची थांबली. “तू?”

“हो.”

“अय्यो.” तिनं कागद माझ्या हातातून घेतला, उलटसुलट केला. “सोमवारी तुझ्या आईनं पापड भाजले. कुनी खाल्ले?”

“मीही खाल्ला.”

“अमेरिकेला विचारलीस. खाली येऊन मला विचारायचं की. चौदा पायऱ्या हैत.”

मला गप्प बसता आलं असतं. पण मी म्हणाले, “पन्नास जणांच्या सह्या होत्या.”

“सरी, बरं तर,” अक्का दाराकडे वळत म्हणाली. “मग त्या पन्नास जणांना सांग, वर्षाचे पापड तुमीच घ्या म्हनावं.”

मी चप्पल पायात अडकवून कॅफेकडे जवळजवळ पळत गेले. मला अजूनही माझं खरं करायचं होतं. सही करणाऱ्या प्रत्येकाला लिहून पुरावा मागवायचा आणि तो अक्कापुढे ठेवायचा, असं डोक्यात होतं. मालक कन्नडमध्ये बोलायचा, मी मोडक्या कन्नडमध्ये. मी म्हटलं, सही करणाऱ्या या सगळ्यांना एकदम पत्र कसं पाठवायचं?

“सही कसली, मॅडम?”

मी बोट ठेवलं. त्यानं चष्मा वर केला.

“ह्या सह्या नाहीत. हे पत्ते. तुमच्या भावाला ज्यानं पाठवलं, त्यानं ह्या एवढ्यांना पाठवलं. त्याच्याआधी हिनं ह्यांना. ज्यांना ज्यांना आलं त्यांची नावं वर साठत जातात. पाकिटावर पत्ता असतो ना, तसं.”

“पण हे विद्यापीठ?”

“तिथं कुणी शिकत असेल. कँटीन चालवत असेल.”

“म्हणजे हे खरं आहे असं ह्यांतलं कुणीच म्हटलेलं नाही?”

“वाचलं की नाही तेसुद्धा ठाऊक नाही. मला रोज असली दहा येतात. कुठल्यातरी यादीत मीही असेन, बघा. तुमच्या हिशेबानं मी पण शास्त्रज्ञ.”

“मग लिहिलं कुणी?”

त्यानं मजकूर शेवटपर्यंत खाली नेला. तिथं कुणाचंच नाव नव्हतं.

इतका सुबक कागद, इतकी नावं, आणि मागे एकही माणूस उभा नाही. वेल्डरचं नाव गाळणाऱ्या माणसाची मी मुलगी. मी मात्र टपाल मिळालेल्या लोकांना साक्षीदार करून टाकलं होतं, वर त्यांना शास्त्रज्ञ ही पदवी माझ्याकडची.

बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “किती वाटलीस?”

“दीडशे. आता चूक कबूल करणारं नवं पत्रक काढते.”

“काढ. पण वाटू नकोस, संपादकबाई. घरी जाऊन वाचून दाखव.”

मी निघाले. कारखान्याच्या कॉलनीत, जयनगरात, दोन बस बदलून व्हाइटफील्डला. निम्म्याहून थोडी जास्त घरं झाली, बाकीची मला सापडलीच नाहीत. कार्यक्रमात कागद घेणाऱ्याचा पत्ता कुठे असतो? काही जणांनी ऐकलं आणि अक्काकडे पुन्हा नाव दिलं. पण एक बाई दारातच म्हणाल्या, “तुझं बरोबर असेल गं, पण उगाच रिस्क कशाला?” आणखी एका घरात एक गृहस्थ हसले. “आधी तूच म्हणालीस विष, आता तूच म्हणतेस नाही. पापडवाल्या बाईंनी काय खायला घातलं तुला?” मला संताप आला. मग लक्षात आलं की या माणसानं, उशिरा का होईना, प्रश्न तरी विचारला होता. तो त्यानं पहिल्या पत्रकाला विचारायला हवा होता. मलाही.

त्यानंतर दीड महिन्यानं मामेभावाकडून आणखी एक पत्र आलं. या वेळी मराठीत, पण इंग्रजी अक्षरांत. ती माझीच वाक्यं होती. ‘आपल्या ताटातलं विष.’ कुणीतरी माझं पत्रक समोर ठेवून शब्द न शब्द टाइप केलं होतं. वर लिहिलं होतं: ‘बंगळूरच्या मराठी मंडळानं तपासून प्रसिद्ध केलेली माहिती.’ त्याच्याही वर नावांची यादी, पहिल्यापेक्षा लांब. आणि भावानं आनंदानं जोडलं होतं, “बघ, आता तुमच्याकडेही कळलं!”

त्याच्याचकडून निघालेलं त्याच्याचकडे पोचलं होतं, आणि वाटेत माझ्या हातून त्याला मंडळाचा शिक्का मिळाला होता.

मी त्या लांब यादीतल्या सगळ्यांना लिहायला बसले आणि थांबले. आणखी एक पत्र सगळ्यांना एकदम पाठवलं तर तेही असंच वाऱ्यावर जाणार. मी फक्त भावाला लिहिलं, सगळी हकिगत, अक्काच्या प्रश्नासकट, आणि विचारलं, तुला हे कुणी पाठवलं? त्यानं एक नाव दिलं. त्या बाईंना लिहिलं. त्या पुण्याच्या निघाल्या, ओशाळल्या, त्यांनी ज्यांना पाठवलं होतं त्यांना स्वतः कळवलं आणि मला आणखी एक नाव दिलं. त्यांनीही तसंच केलं. चौथ्या माणसाचं उत्तर आलं नाही. अजून आलेलं नाही. कॅफेत गेले की आधी तेच बघते.

त्या वर्षीच्या मेळाव्यात अक्कानं नावं नोंदवून घ्यायला पाट मांडला नाही. लाटायला येणाऱ्या दोघींपैकी एक आता उदबत्त्या वळायला जाते. गांधी बाजारातल्या दुकानांना मात्र अक्काचे पापड पूर्वीइतकेच लागतात, कारण तिथल्या गिऱ्हाइकांना माझं मराठी वाचता येत नाही. अक्का माझ्याशी बोलते, पाणी आलं की हाक मारते. पण सूप घेऊन गच्चीवर जाताना आमच्या दारात टेकत नाही. आणि ते पत्र अजून फिरतंय. यंदाच्या मेळाव्याला चार महिने राहिलेत. तोवर ते किती घरांत शिरेल ते मला कळणार नाही, आणि अक्काला नावं मिळतील की नाही ते त्यावर ठरणार आहे.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. पापडखाराचं ते पत्र कुठल्याही लिपीत, कागदावर किंवा पडद्यावर, तुमच्यापर्यंत आलं असेल, तर ज्यानं ते तुम्हाला दिलं त्या एका माणसाला गाठा. त्याला सांगा की यामागे कुणीही नाही, आणि विचारा की तुला कुणी दिलं. मग तुम्ही ज्यांना ते सांगितलं असेल त्यांच्याकडे जा, एकेकाकडे, आणि शब्द मागे घ्या. हा लेख झेरॉक्स करून वाटू नका, टाइप करून कुणाला पाठवू नका. आज एकाच माणसाला भेटा.