शेजारचे रकानेही सोबत न्यायचे का?

वृद्धाश्रमात तिला सगळे वहीबाई म्हणायचे. कुणाला कोणतं औषध, कधी आणि किती, हे बावीस वर्षं ती एका लांबट वहीत लिहीत आली. खाडाखोड म्हणून नाही. कुणी म्हणालंच, "अहो, इथे चुकलंय वाटतं," तर चष्म्यावरून अशी बघायची, की बोलणाऱ्यालाच कुठून तोंड उघडलं असं व्हायचं. हट्टी बाई! पण साठ म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या तोंडपाठ असणं म्हणजे काही गंमत नव्हे.

मग नवे व्यवस्थापक आले आणि वही कपाटात गेली. वहीबाईच्या टेबलावर लॅपटॉप आला, तिन्ही मजल्यांवरच्या सिस्टरांच्या हातात एकेक टॅब. यादी एकच, सगळ्यांना एकाच वेळी दिसणारी. इकडे वहीबाईने काही लिहिलं की तिकडे उमटायचं. तिकडे सिस्टरने औषध दिलं की इकडे हिरवी खूण यायची. चहाच्या वेळी दुसरा विषय नसायचा. "माझा टॅब जुना गं, त्याला नवी सिस्टीम झेपतच नाही." "माझ्यावर यादी अर्धीच दिसते, सरकवून सरकवून बोट दुखलं." "आणि लॅपटॉपवरचं बटण टॅबवर कुठे दडवून ठेवतात, देव जाणे!" वहीबाई नुसती मान डोलवायची. घरी मुलीला म्हणायची, "अगं, वही मला कधी प्रश्न विचारत नव्हती."

हा मेला सारखा विचारायचा. उघडला रे उघडला की चौकट समोर: नवी सिस्टीम आली आहे, आत्ता बसवू का? एकदा ती भिडेखातर हो म्हणाली, तर यंत्र पाऊण तास गोल गोल फिरत बसलं आणि सकाळच्या गोळ्या रखडल्या. व्यवस्थापक करवादले. "वहीबाई, एक लक्षात ठेवा. चौकट आली की सरळ 'नाही' दाबायचं. वाचत बसू नका." झालं! त्या दिवसापासून चौकट दिसली की तिचं बोट 'नाही'वर.

त्या सकाळी तेच झालं. आदल्या दिवशी एक नव्या आजी दाखल झाल्या होत्या आणि त्यांचं नाव यादीच्या तळाशी लोंबकळत होतं. व्यवस्थापकांना नावं अकारविल्हे लागत. वहीबाईने नावांचा रकाना निवडला, क्रम लावायचं बटण दाबलं. चौकट आली. बोट आपसूक गेलं. नाही. नावं भराभर हलली आणि आजी आपल्या जागी जाऊन बसल्या. "जमलं की गं बाई मला!" ती स्वतःशीच म्हणाली आणि खुशीत चहा ओतून घेतला.

कप तोंडाला लावता लावता नजर शेवटच्या ओळीवर गेली. तिथे शिंपीकाका. पंधरा वर्षांचा मधुमेह, रोज नाश्त्याआधी इन्सुलिन. त्यांच्यासमोर लिहिलं होतं, डोळ्यांत थेंब. अरे, थेंब तर नव्या आजींचे! तिने वर पाहिलं, तीही ओळ चुकलेली. त्याच्या वरचीही. नव्या आजींपासून खालची सगळी नावं सरकली होती आणि औषधं जिथल्या तिथे राहिली होती.

मग शिंपीकाकांचं इन्सुलिन कुणासमोर? घड्याळवाले काका, तिसरा मजला. अंगाने काडी, साखरेचा त्रास उभ्या जन्मात नाही. ती बघत असतानाच त्यांच्या ओळीत हिरवी खूण उमटली, त्या सकाळची पहिलीच.

खोटं कशाला सांगायचं, क्षणभर वहीबाईच्या मनात आलं की गुपचूप सगळं जागेवर ठेवावं, कुणाला काय कळणार आहे? मग ती उठली आणि नाश्त्याची घंटा बडवायला लागली. घंटा झाली की सिस्टरांनी हातातलं ठेवून जिन्यात यायचं, असा तिथला नेम होता. "कुणाला काही देऊ नका!" ती ओरडत जिना चढत सुटली. "यादी चुकलीय! माझ्याकडून चुकलीय!" एक चप्पल पहिल्याच मजल्यावर निसटली, ती तिथेच राहिली.

घड्याळवाले काका पलंगावर बसून शर्टाची बटणं लावत होते. आठवड्यापूर्वी आलेली बदली सिस्टर सुई डब्यात टाकत होती.

"इंजेक्शन दिलंत?"

"हो, आत्ताच. यादीत होतं ना." वहीबाईचा चेहरा पाहून सिस्टरही पांढरीफटक पडली.

डॉक्टर फोनवर भडाभडा बोलले. ग्लुकोज पाजा, खायला द्या, दर पंधरा मिनिटांनी साखर तपासा, मी निघालोच.

व्यवस्थापक धापा टाकत आले आणि टॅबवर यादीचा इतिहास उघडला. "सात चाळीसला बदल झालाय. कुणी केला हा?"

"मी. चौकट आली, मी नाही म्हटलं."

त्यांनी ती चौकट पुन्हा काढली आणि तिच्यापुढे धरली. शेजारचे रकानेही सोबत न्यायचे का? पाच शब्द, साधे सरळ. आपण काय शिकवलं होतं ते व्यवस्थापकांना आठवलं असावं. एक बटण दाबून त्यांनी जुनी यादी परत आणली. वहीबाईला त्या एका बटणाचाच राग आला. माणूस असा परत आणता येतो का?

ती पलंगाशी बसून राहिली. साखर शंभरच्या वर होती, ती ब्याऐंशी झाली. मग चौसष्ट. काकांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. ती चमच्या-चमच्याने ग्लुकोज पाजत राहिली. डॉक्टर आले, त्यांनी शिरेतून ग्लुकोज लावलं. अठ्ठ्याहत्तर. एकशे चार. दुपारी डॉक्टर म्हणाले, "निभावलं." तेव्हा कुठे तिने पाठ टेकली.

"काका, तुम्ही तरी विचारायचं होतंत! तुम्हाला कधी सुई असते का?"

"विचारलं की," काका म्हणाले. "सिस्टर म्हणाली, यादी वहीबाईंची आहे. मग म्हटलं, टोच बाई. तुमचं चुकलंय म्हणायची इथे कुणाची छाती आहे?"

वहीबाईला शरमेने रडू फुटलं. काकाच तिला पाणी प्या म्हणाले.

दुसऱ्या सकाळी तिसऱ्या मजल्यावर सिस्टरबरोबर तीही गेली. घड्याळवाल्या काकांनी गोळी तळहातावर घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि भीतभीत विचारलं, "ही माझीच ना?"

गोळी पाठ होती तिला. कालपर्यंतची वहीबाई असती, तर चष्म्यावरून नुसती बघितली असती.

"थांबा हं काका," ती म्हणाली आणि टॅब हातात घेऊन त्यांची ओळ पहिल्या अक्षरापासून मोठ्याने वाचू लागली.